कातडीवर रंग, नोंद बाद

९ फेब्रुवारी

दादा,

घरी नीट पोचलास असं धरून चालते. फोनवर तुला माझं अक्षर ऐकू येत नाही आणि तू नुसता "हो हो" करत राहतोस, त्यापेक्षा कागद बरा. रंगखान्यातल्या सूत पिळायच्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले ते खाल्ले, निदान डोळे तरी शाबूत आहेत.

परवा प्रयोगशाळेत तू विचारलंस, "यात दुखत कसं नाही?" आणि मी उत्तर न देता पुढच्या माणसाच्या मागे लागले. तर आता ऐक. लहानपणी आपण पांघरुणात बॅटरी पेटवून तिच्यावर तळहात धरायचो आणि बोटं लालभडक दिसायची, आठवतं? आमचं यंत्र तेच करतं. फक्त त्यातला उजेड लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो पोटरीच्या कातडीतून आत स्नायूपर्यंत जातो आणि त्यातला थोडा परत येतो. ऑक्सिजन असलेलं रक्त हा उजेड एका तऱ्हेने गिळतं, ऑक्सिजन संपलेलं दुसऱ्या तऱ्हेने. परत आलेल्या उजेडावरून आम्ही ओळखतो की स्नायूजवळ शिदोरी किती उरली आहे. मांडीला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवलं की पडद्यावरची रेष खाली खाली जाते, पट्टा सोडला की वर येते. ती किती लवकर वर येते हेच आम्हाला मोजायचं असतं. धडधाकट माणसाची अर्ध्या मिनिटात जागेवर येते.

मला तुझ्या वयाचा, दिवसभर उभ्याने काम करणारा निरोगी माणूस हवा होता आणि तू आयता सापडलास. पण तुझी नोंद बाद करावी लागली. तुझे पाय गुडघ्यापर्यंत निळेकाळे. तो रंग आमचा उजेड गिळतो आणि मग रेषेवर भरवसा ठेवता येत नाही. आमचा नियमच आहे, गोंदण असो की डाग, कातडीवर काही असलं तर तो माणूस यादीतून बाहेर. मी पत्रकावर लिहून टाकलं, "कातडीवर रंग, नोंद बाद". तेव्हा दोष असला तर यंत्राचा, तुझ्या पायांचा नाही. काळजीचं काही कारण नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, तुमचे भाऊ फार शांत आहेत. मी म्हटलं, ऐकू येत नाही म्हणून शांत दिसतात. वहिनीला सांग, तिने विणलेली टोपी मी रोज घालते.

तुझी भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

कान गेले म्हणतेस, पण तुझ्या वहिनीचं मला अजून सगळं ऐकू येतं. त्याला कान लागत नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बरं वाटलं. "काळजीचं काही कारण नाही" हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ती हल्ली उगाच माझ्या मागे लागली होती. आता गप्प आहे. शिकलेली बहीण असावी ती अशा वेळेला उपयोगी पडते.

पायांच्या रंगाबद्दल माफी असावी. तुझ्याकडे यायच्या आधी आठ दिवस मी वज्रीने पाय घासत होतो. तुझी वहिनी म्हणाली, सोयरीक जमवायला निघाला आहात का. कातडं सोलवटलं, पण रंग काही हलला नाही. सव्वीस वर्षं हौदात उतरून सुताच्या लड्या तुडवतोय, तो रंग आठ दिवसांत कसा जाईल. मुकादमाने आम्हा बाराही जणांना गमबूट दिले आहेत. पण त्यांत पाणी शिरलं की माणूस हौदातच बसकण मारतो. म्हणून ते दारामागे रांगेत उभे असतात आणि कोणी तपासायला आलं की आम्ही घालतो.

बाकी ठीक. रंगखान्यातून घरी यायला मात्र हल्ली मला वेळ लागतो. दुकानांच्या पाट्या वाचत येतो. आधी कुलूपवाला, मग चष्मेवाला, मग छत्र्या दुरुस्त करणारा. प्रत्येकापाशी जरा उभा राहतो, एखादी सिगारेट होते, मग पुढे. चष्मेवाल्याच्याच पाटीवरची अक्षरं पुसली आहेत, वाचायची तर चष्मा हवा. इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेलो, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

टोपीचं सांगितलं. ती खूश झाली, पण दाखवत नाही.

दादा


२० मार्च

दादा,

उशिराबद्दल ओरडू नकोस. या महिन्यात साठ माणसांचे पाय संपवायचे आहेत, म्हणजे एकशेवीस. माझ्या स्वप्नातसुद्धा पोटऱ्याच येतात.

तुला म्हातारपणी वाचनाचा नाद लागला हे वाचून हसले. शाळेत धडा वाचायचा म्हटलं की तुझं पोट दुखायचं, आणि आता पाट्या वाचत फिरतोस. पुढच्या वेळी तुला एक जाडसर पुस्तकच पाठवते. सध्या लोकरीच्या मोज्यांचा जोड पाठवते आहे. दिवसभर पाण्यात उभा असतोस, घरी आल्यावर घालत जा.

सिगारेट सोड हे मी दर भेटीत सांगते आणि नेमकं तेवढंच तुला ऐकू येत नाही.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

तुझे मोजे फार उपयोगी पडताहेत, निदान अर्धे. मी एकच घालतो, डाव्या पायात. तो पाय गार असतो आणि उजव्याला मोज्यात उकडतं. तुझी वहिनी म्हणते, माझ्या एका पायात हिवाळा आहे आणि एकात उन्हाळा.

महिन्यापूर्वी हौदाच्या काठाची डाव्या अंगठ्याला ठेच लागली होती. एवढीशी जखम, पण भरत नाही. आडवं झालं की पोटरीपासून कळ येते, पाय खाटेखाली सोडला की थांबते. म्हणून हल्ली एक पाय लोंबकळत ठेवूनच निजतो. अंगठा जरा काळा दिसतो. आता आमच्याकडे काळा म्हणजे काय सांगणार, सगळ्यांचेच पाय काळे. आणि सध्या घाण्यामागून घाणा काळ्या सुताचाच चालला आहे. सोबतचे म्हणतात, रंग जखमेत शिरला असेल, निघेल हळूहळू.

मी काही घाबरलेलो नाही. पण वहिनीने परत भुणभुण सुरू केली आहे, म्हणून विचारतो. त्या दिवशी तुझ्या यंत्रात खरंच काही नव्हतं ना? तू पाहिलं होतंस ना नीट? तेवढं दोन ओळींत कळव, म्हणजे तिला वाचून दाखवता येईल.

दादा


७ मे

दादा,

घाईत लिहिते आहे, आज बाईंना सगळ्या नोंदी द्यायच्या आहेत. यंत्रात काही नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं. जखम भरत नसेल तर साखर तपासून घे, आणि डॉक्टरकडे जाऊन ये. टाळू नकोस. वहिनीला म्हणावं, मी सांगितलंय.

भिंगरी


११ जून

वन्सं,

हे पत्र मी लिहिते आहे, कारण ह्यांना अजून बसता येत नाही.

परवा ह्यांचा डावा पाय कापला. गुडघ्याच्या वर. डॉक्टरांनी आधी फक्त बोटं काढू म्हटलं होतं, मग म्हणाले घोट्यापर्यंत, आणि आत नेल्यावर गुडघाही राहिला नाही. मांडीतली रक्ताची नळी बंद पडली होती. आजची नाही म्हणाले, निदान सहा महिन्यांची.

इथल्या नर्सने पहिल्या दिवशी ह्यांचा पाय पाहून मला विचारलं, यातला रंग कोणता आणि सडलेलं कोणतं. मला सांगता येईना. मग तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहिलं. रंग निघाला नाही आणि दुसरंही निघालं नाही. शेवटी वासावरून ओळखलं. मी सव्वीस वर्षं ह्यांचे पाय बघते आहे, पण मलाही कळलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मी ह्यांना मे महिन्यात दहादा म्हटलं की दवाखान्यात चला. हे म्हणायचे, भिंगरीने स्वतः पाहिलंय, तिच्यापेक्षा इथला डॉक्टर शहाणा आहे का. तुमचं पत्र खिशात घेऊन फिरत होते. वन्सं, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही जा म्हणून लिहिलं होतं, तेही मी वाचलं आहे. पण डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारी-मार्चमध्ये आला असता तर नळी उघडून पाहता आली असती. हे मी कोणाला सांगू, म्हणून तुम्हाला सांगते.

सिगारेटवरून डॉक्टर ह्यांना खूप बोलले. हे नुसते "हो हो" करत होते. ऐकू काही आलं नव्हतं.

जमलं तर या.

वहिनी


३० जून

दादा,

तुझ्या खाटेशेजारी दोन दिवस बसले आणि सांगायचं ते सांगितलं नाही. तू उशीला टेकून माझीच थट्टा करत होतास, म्हणालास आता बुटांच्या एका जोडीत दोन वर्षं निघतील. मी हसले. गाडीत बसल्यावर मला माझीच किळस आली. तोंडाने जमलं नाही ते लिहून पाहते. वहिनीला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

परत आल्यावर मी तुझी नोंद उघडली. आमच्याकडे बाद केलेली नोंद पुसत नाहीत, नुसती बाजूला ठेवतात. ती मी उघडली, ती आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे फेब्रुवारीत मी ती पाहिलीच नव्हती. पट्टा आवळला, सोडला, यंत्राने रेष काढली आणि मी त्याआधीच पत्रकावर लिहून मोकळी झाले होते. मे महिन्यात तू विचारलंस, तेव्हा उठून कपाटापर्यंत जायचं होतं, तेवढंच. मी "स्वतः पाहिलं होतं" असं लिहिलं. ते खोटं होतं.

तुझ्या उजव्या पायाची रेष अठ्ठावीस सेकंदांत जागेवर आली. डाव्या पायाची चार मिनिटं दहा सेकंद वर सरपटत राहिली आणि तरी जागेवर आलीच नाही. कोणीही सांगेल, दादा. पहिल्या दिवशी कामाला लागलेली पोरगी सांगेल.

आणि रंगाचं म्हणशील तर ऐक. रंग उजेड गिळतो हे खरं. पण तो पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखाच गिळतो. त्याने रेष फिकी येईल, वर यायला उशीर नाही लागणार. उशीर फक्त रक्ताला होतो. शिवाय दोन्ही पाय एकाच हौदातले, एकाच रंगाचे. एक बरोबर आला आणि एक नाही, यात रंगाचा काय संबंध? हे मला येतं. मी दुसऱ्यांना शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी एकशेवीस परके पाय मोजत बसले.

मग न बघता बाद का केली, तेही सांगते. तू विजार गुडघ्यावर घेतलीस तेव्हा दारात माझ्या बरोबरीचे दोघं उभे होते. त्यातला एक म्हणाला, हा माणूस शाईच्या दौतीत राहतो का. दुसरा हसला. मला लाज वाटली, त्यांची नाही, तुझी. तू आठ दिवस वज्रीने घासून आला होतास आणि मला ते पाय लवकर झाकायचे होते. नियम हाताशी होताच. यंत्र थांबताच मी पट्टा काढला आणि तुझी विजार घाईने खाली ओढली.

माझ्याकडून झालं ते भरून येण्यासारखं नाही, म्हणून माफी मागत नाही.

एक काम आहे आणि ते मागायलाही तोंड नाही. बाईंना मी सगळं सांगितलं. मग त्यांनी बाद केलेल्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या. रंगारी, छापखान्यातले, गोंदवलेले, अशी चौदा माणसं निघाली. कोणाचीही रेष वाया गेलेली नव्हती. बाईंना नियम बदलायचा आहे आणि तसं लिहून छापायचं आहे. त्यासाठी त्यांना तुझी नोंद हवी, नावाशिवाय, दोन्ही पाय शेजारी शेजारी. सोबत कागद आहे. त्यावर तुझी सही लागेल. नाही म्हणालास तरी चालेल.

भिंगरी


३ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र महिनाभर उशीखाली होतं. वहिनीला वाचून दाखवलं नाही. लग्नापासून तिला न दाखवलेलं हे पहिलंच पत्र. तिने विचारलंही नाही, त्यावरून तिला कळलं असावं.

मी रागावलो आहे. आधी वाटलं राग दोन दिवसांत जाईल, पण गेला नाही. कुबड्या घेऊन मोरीपर्यंत जाताना येतो, परत येताना येतो. तू पाहिलं नव्हतंस याचा तेवढा नाही. पाहिलं होतं असं लिहिलंस याचा आहे. ते पत्र खिशात घेऊन मी तीन आठवडे त्या पायावर उभा होतो. हे एकदा लिहायला हवं होतं, ते लिहिलं.

आता माझंही ऐक. मी तुला भेटायला आलो नव्हतो. पाय दाखवायला आलो होतो. हिवाळ्यापासून मला सलग चालवत नव्हतं. पोटरीत असा गोळा यायचा की थांबावंच लागायचं, म्हणून पाट्या वाचत होतो. तुझ्याकडे यंत्र आहे हे माहीत होतं. म्हटलं न बोलता तपासून होईल, काही निघालंच तर तीच सांगेल. ताकाला जाऊन भांडं लपवलं. पहिल्याच दिवशी "भिंगरे, पाय दुखतो" एवढं म्हटलं असतं तर तू ती रेष दहादा पाहिली असतीस, हे मला माहीत आहे.

आणि एक तुला माहीत नाही. तू पट्टा सोडलास तेव्हा उजव्या पायात भस्सकन ऊब आली. डाव्यात काहीच आलं नाही. मला ते तिथेच कळलं होतं. पण मी अडाणी, पडद्यातलं मला काय समजणार. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू दाराकडे बघत होतीस आणि तोंडावर काळजी काही दिसली नाही, तेव्हा म्हटलं, आपल्यालाच भास झाला. ते दोघं काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण विजार ओढलीस ते कळलं. मी बहिरा आहे, आंधळा नाही.

कागदावर सही केली आहे, पण एका अटीवर. रंगखान्यात आता अकरा जण आहेत. तुझं यंत्र घेऊन इथे यायचं आणि त्या अकराही जणांचे पाय मोजायचे. मी मुकादमाशी बोललो आहे. आधी नको म्हणत होता, मग मी माझी विजार वर केली, तेव्हा हो म्हणाला. कोणालाही पाय घासायला लावायचं नाही. हौदातून काढून, जसे असतील तसे मोजायचे. त्यातल्या एकाला आम्ही उंट म्हणतो, उंच आहे म्हणून. परवा मला भेटायला आला होता. वहिनी म्हणाली, इतका उशीर का झाला, तर म्हणाला, कुलूपवाल्यापाशी जरा थांबलो होतो. त्याला कुलूप घ्यायचं नव्हतं. आधी त्याचा मोज.

मग माझ्याकडे ये. डॉक्टर म्हणतात, उरलेल्या पायावर नजर ठेवा. दोन महिने हौदात उतरलो नाही, त्यामुळे त्याचा रंग चालला आहे. आधी गुडघ्याखालचा गेला, मग पोटरीचा, आता नखांपुरता उरलाय. खालून पाय निघाला तो अगदी आपल्या आईच्या पायासारखा आहे, गव्हाळ. तुझ्या वहिनीने तो लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला आणि ती रडली. तुमच्या जुन्या नियमात बसेल असा एक पाय आता माझ्याकडे आहे.

तू या वेळी पडद्याकडे बघ. मी तुझ्या तोंडाकडेच बघणार आहे.

दादा